इंजिनातली टकटक

आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या गॅरेजमध्ये जा आणि स्पार्क प्लगांना आळीपाळीने ठिणगी वाटून देणाऱ्या त्या काळ्या टोपीच्या डब्याकडे बोट दाखवून मिस्त्रीला त्याचं नाव विचारा. पुस्तकात त्याला डिस्ट्रिब्युटर म्हणतात. मिस्त्री म्हणेल, "हा डेल्को". फियाट असो, अँबॅसॅडर असो की कार्ब्युरेटरवाली मारुती ८००, सगळ्यांचा डेल्कोच. "डेल्कोचा कट गेलाय", "डेल्को फिरवून टायमिंग लावलंय" ही वाक्यं मी लहानपणापासून ऐकत आलोय. हा शब्द आला कुठून हे शोधायला गेलो आणि जे सापडलं ते इथे लिहून ठेवतोय. थोडं लांबलंय, चहा घेऊन बसा.

डेल्को म्हणजे डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन नावाचं गाव आहे (राइट बंधूंचं तेच). तिथे १९०९ साली चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स या दोघांनी ही कंपनी काढली. केटरिंगने बॅटरीवर चालणारी इग्निशन बनवली आणि मग तो सुप्रसिद्ध सेल्फ-स्टार्टर, जो १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसला. तोवर गाडी सुरू करायची म्हणजे पुढे उभं राहून हँडल मारायचं. ते उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. आता बटण दाबलं की काम झालं.

पण या नव्या गाड्यांमध्ये एक जुनी कटकट वाढली. चढावर जोर लावला की इंजिनातून टकटक यायची. पत्र्याच्या डब्यात गोट्या घालून हलवाव्यात तशी. लोकांनी खापर फोडलं केटरिंगच्या इग्निशनवर. जुनं होतं तेव्हा बरं होतं, यानेच काहीतरी घोळ घातलाय! केटरिंग हे ऐकून घेणाऱ्यांतला नव्हता. टकटक नेमकी कशाने होते ते शोधायचं त्याने ठरवलं आणि १९१६ मध्ये ते काम टॉमस मिजली नावाच्या सत्तावीस वर्षांच्या इंजिनिअरवर सोपवलं.

आता ही टकटक म्हणजे काय ते थोडक्यात. सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा दाबली जाते, ठिणगी पडते, आणि ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. वणवा पसरतो तशी, फक्त फारच झपाट्याने. ज्योत पुढे सरकते तसं तिच्या पुढचं न जळलेलं मिश्रण आणखी दाबलं जातं आणि आणखी तापतं. इंधन कच्चं असेल तर कोपऱ्यातलं ते मिश्रण ज्योत पोचायच्या आधीच स्वतःहून एकदम भडकतं. त्या धक्क्याच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात आणि आपल्याला 'टक टक टक' ऐकू येतं. कधीमधी झालं तर फारसं बिघडत नाही, पण रोजचं झालं की पिस्टनच्या कडा वितळतात, रिंगांच्या खाचा तुटतात, हेड गॅसकेट जातं.

मिश्रण जितकं जास्त दाबाल तितकी त्याच पेट्रोलमधून जास्त ताकद मिळते. पण जास्त दाबलं की टकटक होते. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये दाबण्याचं हे प्रमाण जेमतेम चारास एक होतं, आजच्या साध्या छोट्या गाडीत दहा-अकरास एक असतं. मधली सगळी वाट ही टकटक अडवून बसली होती. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो याच कोड्याच्या मागे होते. चालू असतानाच दाब कमीजास्त करता येईल असं खास इंजिन त्यांनी १९१९ च्या सुमारास बनवलं आणि दोष ठिणगीत नसून इंधनात आहे हे मोजून दाखवलं.

मिजलीची गोष्ट मात्र गमतीशीर आहे. बर्फ असतानाच फुलणारं लालसर पानांचं एक रानफूल त्याला ठाऊक होतं. लाल रंगामुळे ऊन जास्त शोषलं जात असेल, मग इंधन लाल केलं तर? हाताशी तेलात विरघळणारा लाल रंग नव्हता म्हणून त्याने आयोडीन घातलं. टकटक थांबली! मग खरे लाल रंग आणून घातले तर काहीच फरक पडेना, आणि आयोडीनचं रंगहीन संयुग घातलं तर पुन्हा थांबली. म्हणजे तर्क साफ चुकीचा आणि उत्तर मात्र बरोबर. इंधनात काहीतरी चिमूटभर घालून टकटक थांबवता येते हे कळलं आणि मग 'काय काय घालून बघायचं' याची मोहीमच सुरू झाली. ॲनिलिन झालं, सेलेनियम झालं, टेल्युरियम झालं. टेल्युरियमचा वास अंगाला असा चिकटायचा की घरचे लोक लांब बसायचे म्हणे.

९ डिसेंबर १९२१ रोजी त्यांनी टेट्राइथाइल लेड, म्हणजे शिशाचं एक तेलकट संयुग घालून बघितलं. एका गॅलनला तीन घन सेंटिमीटर, म्हणजे साडेबाराशे भागांत एक भाग, आणि इंजिन गप्प. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्याच एका पंपावर ते विकायला आलं. नाव ठेवलं 'इथाइल'. शिशाचा उल्लेख नावातून गाळला होता. शिसं विषारी असतं हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. रोमन काळापासून ठाऊक होतं. स्वतः मिजलीला १९२३ च्या सुरुवातीला शिशाच्या बाधेमुळे महिनाभर कामावरून सुट्टी घेऊन फ्लोरिडाला हवापालटाला जावं लागलं होतं.

दुसरा पर्यायही समोर होता. अल्कोहोल. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळलं तर टकटक होत नाही हे केटरिंग आणि मिजली या दोघांनाही पक्कं माहीत होतं, त्यांनी ते जाहीरपणे सांगितलंही होतं. पण अल्कोहोल बरंच मिसळावं लागतं, कुणाही शेतकऱ्याला ते गाळता येतं, आणि त्यावर कुणाची मक्तेदारी चालत नाही. शिशाच्या संयुगाचं पेटंट घेता येत होतं. १९२४ मध्ये जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलने मिळून इथाइल कॉर्पोरेशन काढलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात कामगारांना भास होऊ लागले, काही जण हिंसक झाले, त्यांना बांधून न्यावं लागलं. पाच जण गेले, तीसहून जास्त रुग्णालयात. वर्तमानपत्रांनी या पेट्रोलला 'वेडा गॅस' असं नाव दिलं. ३० ऑक्टोबरला मिजलीने पत्रकारांना बोलावलं, त्यांच्यासमोर ते द्रव्य हातांवर ओतून घेतलं, बाटली नाकाशी धरून मिनिटभर हुंगली आणि सांगितलं, की हे मी रोज केलं तरी मला काही होणार नाही.

हे वाचलं आणि मला नानाकाकांचे हात आठवले. घरची मंडळी ओळखतीलच. काकांचं कुर्ल्याला गॅरेज होतं. दिवसभराचं काम झालं की डबाभर पेट्रोल घेऊन काका आणि त्यांची पोरं हात धुवायची. ग्रीस निघायला दुसरं काही लागत नाही. कार्ब्युरेटर पेट्रोलमध्ये, प्लग पेट्रोलमध्ये, टाकीतलं पेट्रोल काढायचं तर नळी तोंडात धरून ओढायची आणि पहिला घोट थुंकून टाकायचा. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथेच पडीक असायचो, आणि पेट्रोलचा वास मला फार आवडायचा. हे सगळं ८० च्या दशकातलं, म्हणजे ते पेट्रोल शिशाचंच होतं. काकांनी इथाइल कॉर्पोरेशनचं नाव कधी ऐकलं नव्हतं, आणि मिजलीने पत्रकारांपुढे एकदा केलेला प्रयोग ते चाळीस वर्षं रोज संध्याकाळी करत होते. मिजलीला निदान हातावर काय ओततोय ते माहीत होतं.

असो. पुढे १९२५ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनमध्ये सरकारी परिषद भरली. ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टरबाईंनी आणि येलच्या यँडेल हेंडरसन यांनी कडाडून विरोध केला. मुद्दा साधा होता. कारखान्यातल्या कामगारांचं एक वेळ संरक्षण करता येईल, पण रस्त्यावर चालणाऱ्यांचं काय? कंपनीच्या बाजूने उत्तर आलं, की हे इंधन म्हणजे देवाची देणगी आहे, पुरावा नसताना ती कशी टाकून द्यायची? एक समिती नेमली गेली, तिने अडीचशेच्या आसपास ड्रायव्हर आणि गॅरेजवाले तपासले आणि जानेवारी १९२६ मध्ये अहवाल दिला, की बंदी घालण्याइतकं काही दिसत नाही. मात्र दीर्घकाळात काय होईल ते सांगता येत नाही, तेव्हा सरकारने अभ्यास चालू ठेवावा. पहिलं वाक्य सगळ्यांनी लक्षात ठेवलं. दुसऱ्या वाक्यातला अभ्यास सरकारने केला नाही, तो उद्योगाच्या पैशावर रॉबर्ट केहो यांनी केला. शिसं माणसाच्या शरीरात निसर्गतःच असतं आणि ठराविक मर्यादेपर्यंत ते निरुपद्रवी असतं, असं केहो पुढची चाळीस वर्षं सांगत राहिले.

याच इथाइल कॉर्पोरेशनमध्ये १९२६ मध्ये ग्रॅहॅम एडगर यांनी ऑक्टेनचं माप बसवलं. आयसो-ऑक्टेनला १००, हेप्टेनला ०. पंपावर आज जो ९१ किंवा ९५ आकडा दिसतो तो तिथला. म्हणजे इंजिनाला किती सोसतं याचं बिनचूक माप १९२६ पासून आहे. माणसाला किती सोसतं याचं माप लागायला फार उशीर झाला.

ते माप भलत्याच वाटेने आलं. क्लेअर पॅटरसन नावाचे भूरसायनशास्त्रज्ञ पृथ्वीचं वय काढत होते. उल्केतल्या शिशाचे समस्थानिक मोजून त्यांनी १९५६ मध्ये ४५५ कोटी वर्षं हा आकडा प्रसिद्ध केला, तो आजही टिकून आहे. पण ते मोजताना प्रयोगशाळेतल्या धुळीतून, हवेतून, कपड्यांतून इतकं शिसं नमुन्यात शिरायचं, की आधी ते घालवायला त्यांना अतिस्वच्छ खोली बांधावी लागली. मग त्यांनी विचारलं, हे सगळं शिसं येतंय कुठून? समुद्राचं पाणी तपासलं, तर वरच्या थरात जास्त आणि खोल गेल्यावर कमी. ग्रीनलंडच्या बर्फात जुन्या थरांत नगण्य आणि नव्या थरांत भरपूर. १९६५ मध्ये त्यांनी लिहिलं, की आपण ज्याला 'नैसर्गिक' म्हणतोय ते नैसर्गिक नाहीच, आपण सगळेच माखलेले आहोत. त्यानंतर त्यांना मिळणारा संशोधनाचा पैसा आटू लागला. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून दाखवलं, की ज्यांच्या दातांत शिसं जास्त त्यांची बुद्ध्यंकाची आणि वर्गातली कामगिरी कमी.

म्हणून शिसं बंद झालं असं तुम्हाला वाटेल. तेवढ्याने झालं नाही. १९७५ पासून अमेरिकन गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. धुरातले इतर विषारी वायू कमी करायचे तर ते लागणार होते, आणि त्यांच्यातल्या प्लॅटिनमवर शिशाचा थर बसला की ते निकामी होतात. शिसं गाडीच्या एका महागड्या भागाला बाधतं म्हटल्यावर बिनशिशाचं पेट्रोल पंपोपंपी मिळायला लागलं! १९७६ ते १९८० या चार वर्षांत अमेरिकेतल्या लोकांच्या रक्तातलं शिसं सरासरी ३७ टक्क्यांनी घसरलं, आणि मग ते सगळीकडून पूर्ण काढण्याला जोर आला.

आपल्याकडेही तेच. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत नव्या गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचे झाले आणि त्यांच्यासाठी बिनशिशाचं पेट्रोल आलं. बाकीच्या गाड्या शिशावरच. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद. १९९७ च्या सुमारास मुंबईतल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या रक्तात डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर शिसं आढळलं होतं. बंदीनंतरच्या पाहणीत ते प्रमाण एक तृतीयांशावर आलं. अमेरिकेत १९६० च्या दशकात मुलांसाठी ६० पर्यंत चालेल असं मानत होते. २०२१ पासून तिथे ३.५ च्या वर गेलं की दखल घेतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, सुरक्षित अशी पातळीच नाही. जगातला शेवटचा देश अल्जीरिया. जुलै २०२१ मध्ये तिथला साठा संपला आणि शंभर वर्षांची ही गोष्ट रस्त्यांवरून तरी संपली (छोट्या पिस्टन विमानांचं इंधन अजून शिशाचं मिळतंच).

हे सगळं मी वाचत होतो त्याला निमित्त ताईच्या गाडीचं. तिची छोटी टर्बो पेट्रोल हॅचबॅक, दोन वर्षंही झाली नव्हती. कमी वेगात, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की खाडकन एक आवाज. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी आधी सांगितलं, पेट्रोल खराब असेल. मग सांगितलं, चालवण्याची पद्धत. तिसऱ्या खेपेला गाडी वाटेत बंद पडली, इंजिन उघडलं, तर एका पिस्टनची रिंगेची खाच तुटलेली. छोट्या टर्बो इंजिनांना जडलेली ही टकटकीची नवी जात आहे. तेलाचा एखादा थेंब ठिणगीच्या आधीच पेटतो आणि एकाच दणक्यात पिस्टन फुटू शकतो. ती टाळण्यासाठी २०१८ मध्ये इंजिन ऑइलचं खास मानकच निघालं.

भाऊजींनी घेतल्या दिवसापासूनचं प्रत्येक बिल फाइलला लावलं होतं. सर्व्हिस वेळेवर, तेल कंपनीचंच, पेट्रोलच्या पावत्यासुद्धा. ती फाइल त्यांनी मॅनेजरच्या टेबलावर ठेवली आणि शांतपणे विचारलं, "यात आमची चूक कुठे आहे तेवढं दाखवा." दीड महिन्याने वॉरंटीत अख्खं नवं इंजिन बसलं. आरसीवर नवा इंजिन नंबर चढवायला आरटीओच्या वाऱ्या झाल्या त्या वेगळ्या :)

ताईला मी म्हटलं, कसली भारी गोष्ट आहे ही वॉरंटी. आवाज आला, त्याची नोंद झाली, संगणकाने पुरावा दिला, आणि बनवणाऱ्याने पदरचं इंजिन घातलं. आता तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची जबाबदारी उत्पादकावर टाकणारं वेगळं प्रकरणच आहे. ताई म्हणाली, "आवाज आला म्हणून रे." बरोबर आहे तिचं. शिशाचा आवाज येत नाही. मुलाचा बुद्ध्यंक चार-पाच अंकांनी कमी झाला तर कुठलाही दिवा पेटत नाही, आणि घेतलेल्या श्वासाची पावती कुणी फाइलला लावत नाही.

१९२१ मध्ये बाजूला ठेवलेलं ते अल्कोहोल आता आपल्या उसाच्या मळीतून आणि रसातून पेट्रोलमध्ये परत आलंय. २० टक्के मिसळतात. ऑक्टेन वाढतो हे खरंच आहे. २०२५ मध्ये त्यावरून केवढा गदारोळ झाला आठवतंय? लोकांचा पहिला प्रश्न होता, जुन्या गाडीच्या वॉरंटीचं काय? प्रश्न रास्तच आहे. त्याच तडफेने १९२५ मध्ये रस्त्यावरच्या माणसांनी विचारला असता तर बरं झालं असतं, पण त्यांच्या हातात कार्ड नव्हतं.

आणि शिसं गेलं असंही समजू नका. केटरिंगच्या सेल्फ-स्टार्टरला बॅटरी लागते, आणि गाडीतली ती नेहमीची बॅटरी शिशाचीच असते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालात जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमच्या वर शिसं असल्याचा अंदाज आहे. त्यातली सत्तावीस कोटींच्या वर आपली. एक मोठं कारण, जुन्या बॅटऱ्या वस्तीत, उघड्यावर फोडून वितळवणं. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटरीची जबाबदारी बनवणाऱ्यावर आहे, पण ती त्याच्यापर्यंत पोचायला तर हवी.

तेव्हा मंडळी, गाडीची बॅटरी बदलाल तेव्हा वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्यालच. जुनी बॅटरी मात्र दोनशे रुपये जास्त देतो म्हणून भंगारवाल्याला देऊ नका. दुकानदाराला द्या, आणि बिलावर तशी नोंद करून मागा. भाऊजींसारखी फाइलला लावून ठेवा.